पूल अर्धा झालेला असताना पडत कसा नाही?

निवांत_प्रवासी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारून टाकतो. मी रोज जातो त्या रस्त्याला नदीवर नवीन पूल होतोय. गेले सात-आठ महिने बघतोय, पात्रात एक खांब उभा आहे आणि त्याच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना पुलाचे हात वाढत चाललेत, म्हणजे अक्षरशः हवेत, खाली टेकू नाही, वरून दोर नाही, काही नाही. मला आपलं वाटायचं की आधी सगळे खांब उभे करायचे आणि मग फळ्या टाकल्यासारखं वरचं टाकत जायचं. इथे तर टोकाला एक लोखंडी पिंजरा लटकलाय, त्यात माणसं काम करतात आणि आठ-दहा दिवसांनी बघावं तर हात अजून थोडा लांब झालेला. पुढच्या खांबाकडून असाच हात येतोय, मधे मोठी फट. हे पडत कसं नाही? आणि भर पाण्यात खांब मुळात उभा कसा केला? कोणी जाणकार असेल तर सोप्या भाषेत सांगा, आपण कॉमर्सवाले.

कोपऱ्यातला
मलाही हाच प्रश्न होता पण विचारायची लाज वाटत होती. खुर्ची टाकून बसलोय.

सळई
बावीस वर्षं पुलांच्या साइटवर काढलीत. डिझाइनर नाही, बांधणारा आहे, त्यामुळे बांधणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

तुम्ही बघताय त्याला बॅलन्स्ड कँटिलिव्हर म्हणतात. पियरच्या, म्हणजे खांबाच्या, डोक्यावर आधी एक मोठा तुकडा ओततात, तो पियरलाच ब्रॅकेट लावून. त्यावर दोन बाजूंना दोन पिंजरे चढवतात, त्याला आम्ही ट्रॅव्हलर म्हणतो. ट्रॅव्हलरची शेपटी झालेल्या पुलाला बांधलेली असते आणि तोंड पुढे हवेत. त्यात शटरिंग (काँक्रीटचा साचा), सळई, काँक्रीट, असा तीन ते पाच मीटरचा सेगमेंट, म्हणजे पुलाचा एक तुकडा, तयार होतो. काँक्रीटला ताकद आली की त्यातून केबल ओवून मागच्या सगळ्याला ताणून आवळतात, मग ट्रॅव्हलर पुढे सरकवायचा आणि पुढचा सेगमेंट. डावीकडे एक झाला की उजवीकडे एक. तराजूची दोन पारडी. एका वेळी फरक फार तर एका सेगमेंटचा, आणि तो फरक पियरने सहन करायचा हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं.

आता खरी गंमत. पूर्ण झालेला पूल आणि अर्धवट पूल हे दोन वेगळे पूल असतात. हात हवेत लटकलेले असताना वजनाने टोक खाली जायला बघतं, म्हणजे वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. पूर्ण झाल्यावर पियरपाशी तसंच राहतं, पण दोन हात जोडले त्या मधल्या भागात उलटं होतं, तिथे खालची बाजू ताणली जाते. म्हणून हात वाढताना केबल वरच्या स्लॅबमधून जातात आणि मधला जोड झाल्यावर खालच्या स्लॅबमधून वेगळ्या केबल ओढतात. डिझाइनर एका पुलाचं गणित करतच नाही, प्रत्येक सेगमेंटनंतर जो पूल उभा आहे त्या प्रत्येकाचं करतो. तीस टप्पे असतील तर तीस पूल समजा.

आभाळवेडी
काका, काँक्रीटला केबलने आवळतात म्हणजे नक्की काय? दगडाला दोरी बांधून तो ताणला कसा जाईल? सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे, अजून हे शिकवलं नाहीये.

सळई
बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवतात ते ऐकलंयस का? धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, लालबुंद तापवतात, म्हणजे ती फुगते, तशीच चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना ती चाकाला अशी करकचून आवळते की आरे आणि पाट्या एकजीव होतात. चाक दबलेलं, धाव ताणलेली. केबलने आवळणं, म्हणजे प्रीस्ट्रेसिंग, तेच. काँक्रीट दाबाला वाघ आहे पण ताणाला एकदम मांजर, लगेच तडा जातो. मग वापरायच्या आधीच त्याला इतकं दाबून ठेवायचं की पुढे गाड्यांच्या वजनाने येणारा ताण आधीचा दाब कमी करण्यातच खर्च व्हावा.

काँक्रीटमध्ये आधीच नळ्या सोडलेल्या असतात. त्यातून तारांचे जुडगे ओवायचे, एका टोकाला पाचर मारून पक्के, दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक जॅक. चाळीस मीटरच्या केबलला पूर्ण ताण दिला की ती साधारण पाव मीटर लांब होते. डोळ्यांनी दिसतं, पट्टी लावून मोजतो. जॅकचा काटा दाब दाखवतो आणि पट्टी लांबी दाखवते, दोन्ही जुळले तरच पुढे. माझ्या सुरुवातीच्या एका साइटवर काटा म्हणत होता पूर्ण ताण आला, पट्टी म्हणत होती निम्मंच. नवीन पोरगा होतो, मला वाटलं काटा बरोबर, पट्टी धरणाऱ्याचं चुकलं असेल. फोरमनने जॅक जागेवर थांबवला. नळीला कुठेतरी भोक पडून ओतताना सिमेंटचं पाणी आत शिरलं होतं आणि केबल मधेच पकडली गेली होती. म्हणजे जॅकच्या बाजूच्या अर्ध्याच केबलला ताण, पुढची अर्धी झोपलेली. तसंच नळीत सिमेंटची लापी भरून (ग्राउट करून) बंद केलं असतं तर वरून कुणाला काही कळलं नसतं. दोन दिवस फोडाफोडी केली.

आणि एक नियम, जॅकच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. कितीही मोठा साहेब असो. पाचर सुटली तर तार बंदुकीच्या गोळीसारखी मागे येते.

चिकित्सक_चिंटू
सळई, छान लिहिताय. एक भर. प्रीस्ट्रेसिंगचा पाया घालणारा फ्रेंच इंजिनिअर यूजीन फ्रेसिने. १९११ च्या सुमाराला त्याने ल वर्द्र इथे काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला, आणि काही महिन्यांनी कमानी हळूहळू खाली बसायला लागल्या. काँक्रीट सतत दाबाखाली असलं की वर्षानुवर्षं थोडं थोडं आखडत जातं हे तेव्हा नीट माहीतच नव्हतं. गड्याने कमानीच्या माथ्यावर जॅक लावून त्या परत वर उचलल्या. त्या अनुभवातून त्याला कळलं की काँक्रीट आखडणारच, मग साधी सळई ताणून उपयोग नाही, तिचा सगळा ताण त्या आखडण्यात संपून जाईल, खूप जास्त ताण घेणारी भारी पोलादाची तार हवी. १९२८ साली पेटंट घेतलं.

निवांत_प्रवासी
बापरे, धावेचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण पाण्यातल्या खांबाचं कोणीच सांगितलं नाही.

मृदगंध
तो माझा प्रांत :) माती आणि पाया यातच आयुष्य गेलंय, आणि पुलाच्या धाग्यावर पायाला नेहमी शेवटी बोलावतात ही जुनी तक्रार आहे.

पाणी उथळ असेल तर भोवती पत्र्याची भिंत ठोकून आतलं पाणी उपसतात आणि कोरड्यात काम करतात. खोल असेल तर पाइल, म्हणजे नदीच्या तळात लांब भोक पाडून त्यात सळईचा पिंजरा आणि काँक्रीट. काँक्रीट वरून ओतत नाहीत हं, पाण्यात सिमेंट धुऊन जाईल. एक लांब पाइप तळापर्यंत सोडतात आणि त्यातून खालून वर भरत आणतात, पाइपचं तोंड कायम काँक्रीटमध्ये बुडलेलं. काँक्रीट वर चढतं तसं पाणी ढकललं जातं.

माझी आवडती पद्धत मात्र विहीर. वेल फाउंडेशन. जमिनीवर, किंवा पाण्यात वाळूचं बेट करून त्यावर, काँक्रीटची गोल विहीर बांधायची, तळ उघडा, खालच्या कडेला लोखंडी धार. मग आतली वाळू ग्रॅबने (क्रेनच्या जबड्याने) उपसायची. खालचा आधार गेला की विहीर स्वतःच्या वजनाने खाली जाते. वर भिंत आणखी बांधायची, परत उपसायचं, परत खाली. असं करत वीस, तीस, चाळीस मीटर. शेवटी तळाला काँक्रीटचं बूच, आत वाळू, वर झाकण, आणि झाकणावर तुम्हाला दिसतो तो खांब.

वाचायला सोपं आहे. एकदा आमची विहीर चिकणमातीत अडकली. नऊ दिवस उपसतोय, जागची हलायला तयार नाही. आत धारेच्या खालपर्यंत खड्डा झाला तरी बाहेरच्या मातीने चारी बाजूंनी धरून ठेवलेली. दहाव्या दिवशी दुपारी जेवायची सुट्टी झाली आणि ती एकदम दीड मीटर खाली गेली. आवाज असा काही नाही, नुसता हुश्श केल्यासारखा, आणि भोवतालचं पाणी आत. बघतो तर एका बाजूला कललेली. आता एवढी अजस्र वस्तू सरळ कशी करायची? जी बाजू वर राहिलीय तिकडचीच माती आतून काढायची, त्याच बाजूला वर वजन रचायचं, बाहेरून पाण्याचा झोत मारून माती सैल करायची. रोज सकाळी चारी बाजूंना लेव्हल घ्यायची. तीन आठवडे लागले, तरी ऐंशीला एक (ऐंशी मीटर उंचीला एक मीटर कल) या मर्यादेत कशीबशी आली, पूर्ण सरळ नाहीच. तो खांब आज बघितला तर ओळंब्यात सरळ उभा आहे. खाली विहीर थोडी कलती आहे हे आम्हा चार-पाच जणांना माहीत.

कोपऱ्यातला
ताई, म्हणजे जितका पूल वर दिसतो तितकाच खाली पण?

मृदगंध
पुष्कळ वेळा खालीच जास्त. कारण पूर. खांबाला आदळलेलं पाणी खाली वळतं आणि खांबाच्या बुडाशी भोवरे करत तळ खणतं. वाईट म्हणजे पूर ओसरला की त्याच खड्ड्यात सैल गाळ येऊन बसतो, वरून बघणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. १९८७ साली न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा हमरस्त्याचा पूल असाच गेला, पुराने पायाखालची माती काढली, खांब बसला, दहा जण गेले. पाया उथळ होता आणि त्याच्याभोवती टाकलेले दगड वाहून गेले होते. म्हणून डिझाइन करताना आधी विचारायचं की सगळ्यात मोठ्या पुरात तळ कुठपर्यंत खणला जाईल, आणि पाया त्याच्याही खाली न्यायचा.

आणि पायासाठी माणसांनी काय भोगलंय ते ब्रुकलिन ब्रिजला बघा. १८७० च्या दशकात लाकडाच्या प्रचंड पेट्या उलट्या करून नदीच्या तळाशी टेकवल्या आणि आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवलं. मजूर आत खणायचे. वर येताना दाब एकदम कमी झाला की रक्तात बुडबुडे, सांधे दुखून वाकडे, काही मेले. चीफ इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्याने कायमचा आजारी पडला, पुढे त्याची बायको एमिली साइट आणि त्याच्यातला दुवा झाली, गणितं आणि केबलचं काम शिकून घेतलं. मॅनहॅटनच्या बाजूला तर रोबलिंगने खडकापर्यंत जायचं सोडून सुमारे २४ मीटरवर घट्ट वाळूतच पाया थांबवला, आणखी माणसं मारायची नव्हती म्हणून. १८८३ पासून उभा आहे.

चिकित्सक_चिंटू
पुलावरून सैनिकांनी पाय जुळवून चालायचं नाही याबद्दल कोणीतरी लिहीलच, त्याआधी मीच लिहितो. १८३१ मध्ये इंग्लंडात ब्रॉटनचा झुलता पूल कवायतीने पडला ते खरं. पण अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाचं उदाहरण त्याच माळेत घालतात ते चूक आहे, पुस्तकांतसुद्धा चूक असतं.

आभाळवेडी
आम्हाला शाळेत तेच शिकवलं! वारा आणि पुलाची फ्रिक्वेन्सी जुळली, रेझोनन्स झाला आणि पडला.

चिकित्सक_चिंटू
जुळायला वाऱ्याला ठरावीक ठेका पाहिजे ना? त्या दिवशी, ७ नोव्हेंबर १९४०, वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास सलग वाहत होता. पूल चार महिन्यांचा. मुख्य गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ८५३ मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना जाळीदार ट्रस (त्रिकोणांचा लोखंडी सांगाडा) नाही, बंद पत्र्याचे गर्डर (तुळया), जेमतेम अडीच मीटर उंच. म्हणजे फीत. फीत थोडी पिळली गेली की वारा तिला वेगळ्या कोनात लागतो, त्याने ती आणखी पिळते, परत येताना उलट्या बाजूने तेच. पुलाच्या हालण्यातूनच जोर तयार होतो. झोका देणारा बाहेर कोणी नाही, झोकाच स्वतःला देतोय. याला फ्लटर म्हणतात. १९५० चा नवीन पूल सुमारे दहा मीटर उंच उघड्या ट्रसवर बांधला.

लंडनचा मिलेनियम ब्रिज त्याहून मजेशीर. जून २००० ला उघडला, गर्दी झाली आणि पूल आडवा डुलायला लागला. माणूस चालताना प्रत्येक पावलाला थोडा आडवा धक्का देतोच. पूल किंचित डुलला की तोल सांभाळायला लोक नकळत त्याच्याच तालात पाय टाकतात आणि डुलणं वाढतं. दोन दिवसांत बंद, मग धक्के शोषणारे डँपर बसवून २००२ मध्ये परत उघडला. पूल मजबूतच होता, पडला नसता. पण त्याच्यावर कोणी चाललं नसतं.

सळई
चिंटूभाऊ, सहमत. पण माझ्या मते वाऱ्यापेक्षा स्वतःच्या वजनाने जास्त पूल मारलेत, आणि तेही बांधताना. कॅनडातला क्वेबेक ब्रिज प्रत्येक साइट इंजिनिअरने वाचावा. मुख्य गाळा आधी १६०० फूट ठरला होता, मग १८०० केला. वजनाचे आकडे मात्र नीट परत काढलेच नाहीत. आता हे बघा, गाळा दुप्पट केला तर दर मीटरला तेवढंच वजन असून मधे वाकवणारा जोर चौपट होतो, तो पेलायला गर्डर जाड करायचा, जाड केला की वजन वाढतं, मग परत जाड. लांब पुलाची बहुतेक ताकद स्वतःलाच उचलण्यात जाते, गाड्या म्हणजे किरकोळ.

तर १९०७ च्या उन्हाळ्यात हात नदीवर वाढत असताना हाताच्या खालच्या, दाब पेलणाऱ्या पोलादी तुळयांत वाक दिसायला लागला. मोजला, आठवड्यात वाढलेला. साइटवर वाद, आधीच वाकडा होता का आता झाला. एक इंजिनिअर स्वतः न्यूयॉर्कला पुलाचा सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपरकडे गेला, कूपरने आणखी वजन टाकू नका अशी तार केली, ती साइटवर न जाता कंपनीच्या दूरच्या ऑफिसला गेली. २९ ऑगस्टला संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याच्या सुमाराला सगळा हात पंधरा सेकंदात खाली. ७५ कामगार गेले. परत बांधायला घेतला तर १९१६ ला मधला तुकडा उचलताना नदीत पडला, आणखी १३. १९१७ ला झाला एकदाचा.

मला त्यातलं आधीच वाकडा होता का आता झाला हे वाक्य छळतं. कारण साइटवर हे दर आठवड्याला कोणीतरी म्हणतंच. आणि उत्तर सोपं असतं, मागचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर.

मृदगंध
+१. अर्धवट पुलाचं चांगलं उदाहरण पण द्या की. जपानच्या आकाशी काइक्यो या झुलत्या पुलाचे मनोरे आणि मुख्य केबल झाल्या होत्या, खालचा रस्ता लागायचा होता आणि जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला. जमीनच सरकली, दोन मनोऱ्यांतलं अंतर जवळजवळ एक मीटरने वाढलं. लोकांनी डोकं धरून न बसता राहिलेल्या रस्त्याच्या भागांची मापं बदलली. १९९८ ला उघडला, मुख्य गाळा १९९१ मीटर.

कोपऱ्यातला
अवांतर, पुलावरून जाताना ठक ठक ठक होतं ते काय?

सळई
एक्स्पान्शन जॉइंट. शंभर मीटरचा पूल थंडीतून उन्हाळ्यात चाळीस अंश तापला तर पाचेक सेंटिमीटर लांब होतो, त्याला जागा नको? म्हणून फट, आणि खाली पुलाला सरकता यावं म्हणून बेअरिंग, रबराच्या थरांत पोलादाच्या पट्ट्या. रबर काही पुलाइतकं जगत नाही, म्हणून पियरच्या डोक्यावर पुढेमागे जॅक लावून पूल उचलता येईल एवढी जागा डिझाइनरने सोडायची. न सोडलेले पूल मी बघितलेत. ज्याने रेखाटलं तो निवृत्त होतो, शिव्या आम्ही खातो.

चिकित्सक_चिंटू
अवांतरात माझं पण. इंग्लंडच्या हंबर ब्रिजचे दोन मनोरे दोन्ही ओळंब्यात सरळ आहेत, तरी पायापेक्षा माथ्यावर एकमेकांपासून ३६ मिलिमीटर जास्त लांब. १४१० मीटर अंतरात पृथ्वीची गोलाई लागते.

आभाळवेडी
हे उद्या वर्गात सांगणार!!

निवांत_प्रवासी
पंधरा दिवसांनी धागा वर काढतोय, माफ करा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल रात्री उशिरा परत येताना थांबलो. मधली फट आता जेमतेम दोन मीटर, दोन्ही टोकांच्या मधे जाड लोखंडी तुळया अडकवलेल्या आणि दिवे लावून काँक्रीट चाललेलं. टोकाशी पाण्याच्या मोठ्या टाक्या ठेवलेल्या आणि त्यातून सरळ पाणी खाली नदीत पडतंय, धो धो. एवढी माणसं वर आणि नळ बंद करायचं कुणाला सुचत नाही. मी रखवालदाराला म्हटलं अहो टाकी गळतेय, तो नुसता हसला. आणि असलं महत्त्वाचं काम रात्री एक वाजता का?

सळई
अहो नशीबवान आहात, हे बघायला मिळणं सोपं नाही. टाकी गळत नव्हती, सोडत होते. त्या शेवटच्या तुकड्याचं काँक्रीट जेवढं वजनाचं, तेवढं पाणी आधीच टोकांवर भरून ठेवतात. टोकं तेवढी खाली वाकतात. मग काँक्रीट जसं पडेल तसं तेवढ्याच वजनाचं पाणी सोडायचं, म्हणजे टोक शेवटपर्यंत जागचं हलत नाही आणि ओल्या काँक्रीटला तडा जात नाही. तुळया त्याचसाठी. आणि रात्री कारण दिवसा ऊन वरच्या स्लॅबला तापवतं, खालचा थंड राहतो, टोकं दिवसभर वरखाली होत असतात. मध्यरात्रीनंतर ती स्थिर.

टाकीपाशी एक माणूस वही घेऊन उभा असेल बघा.

निवांत_प्रवासी
होता! मला वाटलं हजेरी घेतोय. आज सकाळी बघितलं, टाक्या रिकाम्या, मधला पट्टा ओला, बाकीच्यापेक्षा गडद दिसतोय. एका बाजूचा पिंजरा अजून लटकलाय.

सळई
राहू द्या. खालच्या केबल ओढल्याशिवाय उतरवणार नाहीत.